फिंजान खाली ठेवला

माझं आणि सुमंत भिंगारदिवेचं पहिल्या दिवसापासून फाटलं, आणि फाटलं ते चहावरून.

रियाधच्या अल सुलै भागात अबू सालेहची स्पेअर पार्टची गोदामं होती. मी तिथला जुना ड्रायव्हर. गोदामामागच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो, मी आणि स्टोअरकीपर श्रीपाद. तिसऱ्या खाटेवर हा सुमंत आला. पुण्याचा ख्रिश्चन पोरगा, मूळ नगरकडचा, ऑफिसात टायपिस्ट म्हणून. मराठी माणूस आला म्हणून मला आनंद झाला हो. गावाहून आणलेली सुकवलेली गवती चहाची पात घालून मी फक्कड चहा केला आणि कप त्याच्यापुढे धरला. हा हात जोडून म्हणतो, "मी चहा घेत नाही."

"बिनदुधाचा करू?"

"नाही, चहाच घेत नाही. कॉफीपण नाही. थँक्यू."

आता तुम्हीच सांगा, मराठी माणूस चहा कधी नाकारतो? पोट बिघडलं तर. नाहीतर देणारा माणूस पसंत नसेल तर. माझं डोकं तिथेच सणकलं. आमच्या गावात मास्तरांच्या घरी मुसलमानांसाठी वेगळा कप वळचणीला खोचलेला असायचा. माझा बाप त्यात चहा प्यायचा आणि स्वतःच धुऊन परत खोचून ठेवायचा. मी त्या कपाला शिवलो नाही कधी. मी म्हटलं, "आमच्या हातचा चालत नाही का रे?"

पोरगा गोरामोरा झाला. म्हणाला, "कादिरभाई, माझ्या आज्याला हॉटेलात करवंटीत चहा मिळायचा, तोही बाहेर उकिडवं बसून. मी कुणाच्या हातचं नाकारीन? माझ्या चर्चचा नियम आहे. आम्ही मॉर्मन."

"मग तर तू प्यायलाच पाहिजेस," मी म्हटलं. "आज्याला करवंटी मिळाली आणि तुला कप मिळतोय, तर तुझी नाटकं."

तो हसला. हे त्याचं हसणं माझ्या डोक्यात जायचं. शिवी द्या, हसेल. टोमणा मारा, हसेल. नंतर कळलं की त्याला हे शिकवलंच होतं. कॉलेज सोडून दोन वर्षं हा फिजी बेटांवर धर्मप्रचार करत फिरला होता. पांढरा सदरा, टाय, छातीवर काळी पट्टी आणि तिच्यावर 'एल्डर भिंगारदिवे'. श्रीपादने विचारलं, एल्डर म्हणजे काय, तर म्हणे वडीलधारा. वय किती? तेव्हा एकोणीस. आम्ही पोट धरून हसलो. त्या दिवसापासून गोदामात त्याचं नाव 'वडील' पडलं. वडील, बिलं टाईप झाली का? वडील, तुमची चड्डी दोरीवरून पडली.

तिथल्या गोष्टी तो आढेवेढे न घेता सांगायचा, विचारल्या तर. पहाटे उठायचं, जोडीदाराबरोबर सायकली काढायच्या आणि दारोदार फिरायचं. जोडीदाराला एक क्षण सोडायचं नाही, आंघोळीपुरतं काय ते एकटं. सिनेमा नाही, पोरीबाळींशी बोलणं नाही, घरी फोन वर्षातून एखाद-दोनदा. आणि लोक? लोक दार आपटायचे. कुत्री सोडायचे. एका बाईने म्हणे भाताची पेज अंगावर ओतली.

"गरम?" श्रीपादने विचारलं.

"कोमट," हा म्हणाला, आणि परत हसला.

"बरं केलं तिने," मी म्हटलं.

इथे प्रचाराला सक्त बंदी, हे त्याला माहीत होतं. धर्माबद्दल तो स्वतःहून चकार शब्द काढायचा नाही. पण सवय कुठे जाते? पहाटे उठायचा, पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करायचा, दार लावून खाटेशी गुडघे टेकायचा. महिन्यातून एकदा दिवसभर उपाशी राहायचा. शुक्रवारी कुठल्याशा कंपाउंडमध्ये मित्रांकडे जायचा. रविवारी सगळ्यांना काम, म्हणून यांचा रविवार शुक्रवारी व्हायचा. कुणाला कळलं असतं तर त्याची रवानगी सरळ विमानतळावर झाली असती, किंवा त्याहून वाईट जागी. मी बोललो नाही कुणाजवळ. मला तो आवडत नव्हता, पण चुगली करणं हा माझा धंदा नव्हे.

पण चहा मी सोडला नाही. रोज सकाळी चार जणांना ऐकू जाईल असं ओरडायचो, "वडील, चहा घेणार की आम्ही अजून बाटलेलेच?" रोज तो म्हणायचा, "नको कादिरभाई, थँक्यू." एकदा मी त्याच्या दुधात गुपचूप चहाचं पाणी घातलं. त्याने वास घेतला, पेला खाली ठेवला आणि ऑफिसात गेला. श्रीपाद मला म्हणाला, "कादिर, हे बरं नाही." मी म्हटलं, "तू तुझे नटबोल्ट मोज."

मग सद्दामने कुवेत गिळलं आणि सगळ्यांचंच धाबं दणाणलं. रस्त्यांवर अमेरिकन लष्कराचे ट्रक. लोक खिडक्यांना चिकटपट्ट्या लावू लागले. जो तो घरी पळायच्या तयारीत. आणि नेमकं त्याच वेळी माझ्या अरवाचं लग्न ठरलेलं, जानेवारीच्या मध्यावर, दाभोळला.

आमच्यात पोरीचा निकाह बापाने लावून द्यायचा असतो. मुलीचा वली तो. बापाला येता आलं नाही तर त्याने दुसऱ्याला वकील नेमायचं. आणि मी नेमणार कुणाला, तर घरच्या दडपणापोटी माझ्या भावाला, जमालुद्दीनला, ज्याने बापाच्या मयतीत माझ्याशी भांडण काढलं होतं आणि त्यानंतर माझं तोंड पाहिलं नव्हतं. माझ्या पोरीचा हात माझ्याऐवजी त्या जमालुद्दीनने द्यायचा? मी मेलो असतो तर गोष्ट वेगळी. जिवंतपणी मी हे होऊ देणार नव्हतो.

पण पासपोर्ट सगळे अबू सालेहच्या तिजोरीत. कफील, म्हणजे व्हिसाचा मालक, तो; त्याच्या शिक्क्याशिवाय सुट्टीचा कागद नाही. तो गरजला, "लढाई संपेपर्यंत कुणी हलायचं नाही. तुम्ही पळालात तर गोदाम काय मी उचलू?" मी हातापाया पडलो. शेवटी कारकुनाकरवी निरोप आला: कुणी जामीन राहत असेल तर विचार करू. कादिर परत येईपर्यंत जामीनदाराला सुट्टी नाही. आणि जामीन तो टायपिस्टच हवा, कारण कस्टमचे कागद त्याच्याशिवाय अडतात.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे कादिर अडला. मी रात्री जेवताना घास गिळत गिळत विचारलं, मान वर न करता. लढाई तोंडावर आली आहे, मी आलो नाही तर तू अडकशील, हेही सांगितलं.

"राहतो की," सुमंत म्हणाला.

"अरे विचार करायला वेळ तरी घे, मेल्या."

"पोरीचं लग्न आहे ना? राहतो."

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. त्याने आढेवेढे घेतले असते, मागचं काढलं असतं, मला दोन शब्द ऐकवले असते, तर मी सुखाने त्याचे पाय धरले असते. यानं तेवढीही सोय ठेवली नाही.

गुरुवारी संध्याकाळी अबू सालेहच्या घरी जायचं ठरलं. पिकअपमध्ये मी त्याला बजावलं, "तिथे गहवा देतील. अरबी कॉफी, एवढासा पेला, फिंजान म्हणतात. मुकाट्याने प्यायचा. तिथे तुझं चर्च काढायचं नाही."

"हातात घेईन. पिणार नाही."

"घोटभर असतो रे, औषधासारखा."

"कादिरभाई, मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"देवाला."

"आणि मी काय देवाच्या विरुद्ध पार्टीचा आहे का?" मी ओरडलो. तो खिडकीबाहेर बघत बसला. मी गाडी तशीच रागात हाकली.

मजलिस म्हणजे बैठकीची मोठी खोली, भिंतीलगत गाद्या, मध्ये गालिचा. अबू सालेहचे दोन-तीन भाईबंद बसले होते, टीव्हीवर फौजा दिसत होत्या, आणि त्याचं तोंड कडू झालेलं. आम्ही सलाम करून बसलो. मी तोंड उघडतो न उघडतो तोच तो म्हणाला, "कादिर, माझा विचार बदलला. जामीन-बिमीन नको. लढाईनंतर बघू. खलास."

मला समोर जमालुद्दीन दिसला, नवी टोपी घालून नवरदेवाचा हात हातात घेऊन बसलेला.

तेवढ्यात म्हातारा सुदानी नोकर दल्ला, म्हणजे गहव्याची लांब चोचीची किटली, घेऊन आला. त्यातून त्याने पिवळसर गहवा फिंजानात ओतला आणि पाहुणा म्हणून आधी सुमंतला दिला. सुमंतने उजव्या हाताने घेतला, मान लववली, आणि तो फिंजान न पिता समोर गालिच्यावर ठेवून दिला.

संपलं सगळं, मी मनात म्हटलं. उरलीसुरली आशाही या गाढवाने घालवली.

पण अबू सालेहने टीव्ही बंद करायची खूण केली. टेकून बसला होता तो सरळ झाला, डोक्यावरचा रुमाल नीट केला. त्याच्या भाईबंदांनीही गप्पा थांबवल्या. आणि मला उलगडा झाला. इथल्या वाळवंटातल्या बदूंची जुनी रीत आहे, मी ऐकून होतो, पाहिली कधी नव्हती. पाहुण्याला काही मागायचं असेल तर तो फिंजान न पिता समोर ठेवतो. मग यजमानाने विचारायचं, काय हवंय? आणि दिलं म्हटलं की पाहुण्याने प्यायचं. पाहुणा न पिता उठून गेला तर त्या घराची अब्रू गेली म्हणून समजा. शहरातली पोरं हे विसरली. अबू सालेहला वाटलं, हा परका टायपिस्ट आपल्या आजोबांची रीत पाळतोय.

"बोल बेटा," तो म्हणाला. मी त्याला इतक्या मऊ आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "काय मागणं आहे?"

सुमंतने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतायत?"

"माग म्हणतोय," मी दातांतल्या दातांत म्हटलं. "माझा कागद माग. का ते विचारू नकोस, माग."

त्याने मोडक्यातोडक्या अरबीत मागितलं. कादिर. मुलीचं लग्न. बाप पाहिजे. मी जामीन.

अबू सालेहने छातीवर हात ठेवला. "दिलं. शनिवारी शिक्का मारून कागद हातात. आता इश्रब."

इश्रब म्हणजे पी. एवढी अरबी त्याला येत होती. त्याने फिंजानाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. हसत नव्हता. तो चेहरा मी आजवर पाहिला नव्हता, फार तरुण होता. सगळी खोली त्याच्या हाताकडे बघत होती. माझी पोरगी, माझा भाऊ, माझी अब्रू, सगळं त्या घोटभर पाण्यात येऊन बसलं होतं. मी त्याला समजावलं नाही, विनवलंही नाही. मी मराठीत म्हटलं, "पी, भडव्या. माझ्या पोरीचं लग्न आहे."

त्याने डोळे मिटले, ओठ हलवले, आणि प्यायला.

रोज सकाळी मला हेच तर बघायचं होतं. ते बघायला मिळालं आणि माझ्या तोंडाची चव गेली.

सुदान्याने लगेच दुसऱ्यांदा ओतला. तशी पद्धतच आहे. पुरे झालं की रिकामा फिंजान हातात डावीकडे-उजवीकडे हलवायचा, मगच ते थांबतात. हे पोराला कुठून ठाऊक असणार? त्याला वाटलं, अजून प्यायला हवं, नाहीतर कागद जाईल. तो दुसराही प्यायला. आणि दल्ला तिसऱ्यांदा वाकला.

"हलव," मी कुजबुजलो. "अरे पेला हलव."

त्याला ऐकूच गेलं नाही. तो फिंजान पुढे करून बसला होता, डोळ्यांत पाणी. मग मीच सरकलो, त्याचं मनगट पकडलं आणि गदगदा हलवलं. भाईबंद हसले. सुदान्याने फिंजान काढून घेतला.

अबू सालेह एकदम खूश. म्हणाला, "असा रीतीभातीचा पोरगा माझ्या ऑफिसात आहे आणि मला पत्ता नाही. यापुढे दर शुक्रवारी तू माझ्याकडे यायचं. माझ्या शेजारी बसून गहवा प्यायचा."

सुमंतला 'शुक्रवार' कळला आणि 'गहवा' कळला. तो पांढरा पडला. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. एकदा बघून काय झालं, ते त्याला माहीत झालं होतं.

आता ऐका. इथले लोक ऊठसूट वल्लाह, म्हणजे अल्लाची शपथ, म्हणतात, भाजी घेतानाही. मी म्हणत नाही. माझ्या बापाने शिकवलं, अल्लाचं नाव घेऊन खोटं बोललास तर जीभ सडेल. त्या दिवसापर्यंत मी खोटं पुष्कळ बोललो होतो, पण त्याचं नाव घेऊन कधीच नाही. मी म्हणालो, "वल्लाह, अबू सालेह, या पोराच्या पोटात व्रण आहे. डॉक्टरने चहा-कॉफीला सक्त मनाई केली आहे. रक्त पडतं त्याला. आज तुमच्या घराचा मान म्हणून प्यायला. पुन्हा प्यायला तर मरेल."

"वल्लाह?" अबू सालेहने विचारलं.

"वल्लाहिल अझीम," मी म्हटलं. एकदा बुडालाच आहे पाय, तर घोट्यापर्यंत काय आणि गुडघ्यापर्यंत काय.

अबू सालेहचे डोळे भरून आले. रक्त पडत असताना माझ्या घरी प्यायला, असं तो भाईबंदांना दोनदा सांगत राहिला. आतून गरम दूध मागवलं. शुक्रवारचं बोलावणं मागे घेतलं, पोराने घरी पडून आराम करावा म्हणून. सुमंत दूध प्यायला. त्याला आमचं काय बोलणं झालं, ते अर्धंमुर्धं कळलं असावं.

आम्ही पिकअपमधून परत निघालो. गोदामाचे दिवे दिसायला लागले तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही खोटी शपथ घेतलीत."

"तू कॉफी प्यायलास."

"तुम्ही पी म्हणालात."

"मी तर रोज सकाळी म्हणतो. तेव्हा का नाही प्यायलास?"

तो एकाएकी रडायलाच लागला, लहान पोरासारखा, मोठ्याने. मी म्हटलं, "गप. रडतोस कशाला? कागद मिळाला ना." तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. "तुम्हाला मिळाला. मला काय मिळालं ते मला विचारू नका. आणि उद्यापासून माझ्याशी बोलू नका."

बरं झालं, मी म्हटलं. निदान माणसासारखा बोलला.

निघायच्या दिवसापर्यंत आम्ही बोललो नाही. सकाळचा चहा मी श्रीपादपुरता आणि माझ्यापुरता केला आणि ओरडलो नाही. पहाटे तो गुडघे टेकून नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायचा. मी पांघरुणातून बघायचो आणि कूस बदलायचो. विमानतळावर सोडायला श्रीपाद आला, तो आला नाही. मीही अपेक्षा केली नव्हती.

दाभोळला पोचलो आणि लग्नाच्या आदल्या दिवशी लढाई पेटली. रेडिओवर दिवसभर बगदाद. घरातले म्हणाले, सुटलास रे बाबा. मी अरवाचा निकाह माझ्या हाताने लावून दिला. जमालुद्दीन मागच्या रांगेत बसला होता. शब्द सगळे बरोबर म्हटले.

निकाहनंतर मी मौलवीसाहेबांना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, खोट्या शपथेचा कफ्फारा द्यावा लागेल. दहा गरिबांना पोटभर जेवण, आपल्या घरच्यासारखं. मग बंदरावरच्या दहा जणांना बोलावून मी मागल्या पडवीत वेगळं बसवलं आणि स्वतः वाढायला लागलो. माझी बायको मैमुना पळीच घेऊन आली. लग्नाच्या घाईत नवरीचा बाप मागल्या दारी काय करतोय, म्हणून भडकलेली.

"हे कशाचं?"

मी सांगितलं. खोटी शपथ खाल्ली.

"यायला मिळावं म्हणून ना? मग अल्ला माफ करील."

"नाही," मी म्हटलं. "कागद तर आधीच मिळाला होता."

तिला कळेना. "मग कुणासाठी खाल्लीत?"

"खोलीत एक हलकट राहतो. त्याच्यासाठी."

"तोच का, ज्याला तुम्ही प्रत्येक पत्रात शिव्या घालता? आणि तो तिथेच आहे अजून? लढाईत?"

मी मान हलवली. तिने पडवीत बसलेल्यांकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या भांड्याकडे.

"मग रस्सा काय वाढताय नुसता," ती म्हणाली, "मटण घाला."